जुनी ओम्नी घेताना इंजिन सगळ्यात शेवटी

(दृश्य: कोल्हापूर, उद्यमनगर. सकाळ.)

निवेदन:
गॅरेजची शटरं आत्ता कुठं वर जातायत. दारात एक पांढरी ओम्नी उभी आहे, पासिंग एमएच ०८. घेणारे केटरिंगवाले आहेत, पातेली-शेगड्या न्यायला गाडी हवी. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "मिस्त्री, इंजिन कसं हाय?" मिस्त्री गुडघ्यावर बसून दाराखाली बघतायत.

बरोबर जागी बघतायत. १९८४ मध्ये 'मारुती व्हॅन' म्हणून आलेल्या या गाडीत मारुती ८०० चंच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. २०१९ मध्ये ओम्नी बंद झाली, तरी हे इंजिन खोलून बांधणारा माणूस तालुक्याच्या गावातही सापडतो. पत्र्याचं काम मात्र एकदा काढलं की संपत नाही.

(दृश्य: सरकतं दार, खालची पट्टी.)

एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. मिस्त्रींनी मॅटिंग उचललं आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोअर ठोकत निघाले. खण्ण, खण्ण, खण्ण... मागच्या चाकाच्या कमानीपाशी आवाज बसला. धप्प. वरून रंग चकचकीत, आत गंजाच्या खड्ड्यात लांबी (पुट्टी) भरलेली. खिशातलं लोहचुंबक लावलं, तर ते तिथं धरेना. सरकत्या दाराची खालची पट्टीही अशीच फुगलेली. तिथं चिखल साचतो आणि धुताना कुणाचा हात पोचत नाही. दार ओढताना रोलर अडखळला, तर रोलर बदलून भागेल की पट्टीच गेलीय, हे आधी ठरवा.

पुढचा भागही वाकून बघा. ओम्नीत चालकाच्या पायांपुढे पत्र्याशिवाय फारसं काही नसतं. आतल्या बाजूला नवं वेल्डिंग दिसलं, तर गाडी समोरून ठोकलेली आहे. विकणारा सांगेल, "जरा घासली होती." वेल्डिंग करावं लागतं तेव्हा ती जरा घासलेली नसते.

(दृश्य: कागदावर घासलेली पेन्सिल.)

आता चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर. कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. ते आरसीशी (गाडीच्या नोंदणी पुस्तकाशी) एकेक करून जुळवायचे. गंजानं आकडे खाल्ले असतील तर आरटीओत अडकाल. खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांनी संपतं, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली (२० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००), वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. म्हणजे २०१२ ची ओम्नी २०२७ ला तुमच्याच खिशातून पास होणार. भाव करताना तेवढे वजा करा.

गॅस किट असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. सीएनजीच्या टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते, तिची तारीख बघा. आणि घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर दिसला, तर तिथूनच परत फिरा.

(दृश्य: चालकाची सीट वर उचललेली.)

राहिलं इंजिन. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली असतं. गाडी थंड असतानाच जा. सीट उचलून हात लावा. गरम लागलं तर मालकानं आधीच चालू करून ठेवलीय, का ते विचारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील, गेल्याची शंका घ्या. चालवताना गिअर बदलला की खालून 'टक्क' वाजलं, तर मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) बघून घ्या. ही सगळी कामं होतात, फक्त त्यांचे पैसे भावात धरायचे.

इसार देण्याआधी ई-चलनं मोबाइलवर तपासा, कर्जाचा बोजा उतरलाय का बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणारा म्हणून सही आरसीवर नाव असलेल्या माणसाचीच लागते. एजंट "मालक गावाला गेलेत" म्हणाला, तर मालक परत येईपर्यंत थांबा.