बायोप्सीत डीसीआयएस आलं, पण सुई नेमकी कुठं गेली होती?

नमस्कार. मॅमोग्राफी कुणी करावी, किती वर्षांनी करावी यावर आज मी बोलणार नाहीये, त्यावर भरपूर बोलून झालंय. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. स्तनातून सुईने तुकडे काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी झाली, रिपोर्टमध्ये डीसीआयएस लिहून आलं, कुणीतरी सांगितलं की ही स्टेज झिरो आहे, घाबरू नका. घाबरायचं नाहीच, पण तरी आम्ही रेडिओलॉजिस्ट लोक ऑपरेशनच्या आधी परत त्याच मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या फिल्म उघडून का बसतो, ते सांगते.

डीसीआयएस म्हणजे कॅन्सरच्या पेशी दुधाच्या नळीच्या आतच आहेत, भिंत ओलांडून बाहेर आलेल्या नाहीत. आत आहेत तोवर त्यांना काखेपर्यंत जायला वाटच नसते. भिंत फुटली की मग तो इन्व्हेजिव्ह, म्हणजे पसरू शकणारा कॅन्सर. आता गंमत अशी की सुईने आपण काय काढतो? जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचे चार-सहा तुकडे. आणि डीसीआयएस काही एका गोळ्यात बसत नाही, नळ्यांच्या फांद्यांमधून कधी कधी चार-पाच सेंटिमीटर पसरलेला असतो. शितावरून भाताची परीक्षा भातात चालते हो, कारण सगळा भात सारखाच शिजलेला असतो. इथं तसं नसतं. एका कोपऱ्यात भिंत फुटलेली असेल आणि सुई दुसऱ्याच कोपऱ्यात गेली तर तुकडे तपासणारा पॅथॉलॉजिस्ट बिचारा जे दिसलं तेच लिहिणार.

हे किती वेळा होतं? २०११ साली ५२ अभ्यास एकत्र करून ७,३५० केसेसचा हिशोब मांडला गेला, त्यात सुईच्या बायोप्सीत डीसीआयएस आलेल्यांपैकी २५.९ टक्के बायकांमध्ये ऑपरेशननंतर इन्व्हेजिव्ह कॅन्सर निघाला. म्हणजे चारात एक! साध्या १४ गेजच्या सुईला (गेजचा आकडा जितका कमी तितकी सुई जाड) हे प्रमाण जास्त होतं, ११ गेजच्या व्हॅक्यूम बायोप्सीला कमी, कारण ती जास्त टिश्यू ओढून घेते. हाय ग्रेड, म्हणजे पेशी जास्त आक्रमक दिसणारा असेल, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल, हाताला गाठ लागत असेल तर शंका आणखी वाढते. आपल्याकडे सरसकट मॅमोग्राफीचं स्क्रीनिंग नाही, बऱ्याच जणी गाठ हाताला लागल्यावरच येतात, त्यामुळे रिपोर्टवर नुसतं झिरो बघून निवांत होणं मला तरी पटत नाही.

तुम्ही म्हणाल, ऑपरेशन करायचंच आहे ना, मग आधी कळलं काय आणि नंतर कळलं काय? फरक काखेचा आहे. इन्व्हेजिव्ह असेल तर सेंटिनल नोड, म्हणजे कॅन्सर पसरताना काखेतल्या ज्या गाठीत आधी जातो ती तपासायला लागते, आणि ती शोधायला निळा डाय किंवा रेडिओअॅक्टिव्ह औषध स्तनात टोचतात, ते वाहत वाहत त्या गाठीपर्यंत जातं. अख्खा स्तन काढून टाकल्यावर ते टोचणार कुठं? म्हणून मॅस्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन काढणं ठरलं असेल तर डीसीआयएसमध्येही सर्जन बहुतेक वेळा सेंटिनल नोड त्याच वेळी काढून घेतात. स्तनाचा फक्त रोग असलेला भाग काढायचा असेल तर नंतर तपासता येतं, पण त्यासाठी परत भूल, परत टेबलवर, आणि घरच्यांची परत धावपळ.

मग हे ऑपरेशनआधी दिसतं कशात? बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन नावाच्या सर्जनने ऑपरेशनमध्ये काढलेल्या सुमारे ३,००० स्तनांच्या एक्स-रेंचा अभ्यास १९१३ साली मांडला होता, तेव्हापासून कॅन्सरच्या जागी दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण आपल्याला माहीत आहेत. पण मॅमोग्राममध्ये दिसतं ते कॅल्शियम, जिथं कॅल्शियम नाही तिथला रोग तो दाखवेलच असं नाही. नुसत्या कणांऐवजी मधे घट्ट गोळा दिसला, किंवा सोनोग्राफीत त्या जागी गाठ आली, तर पहिला संशय तिथंच घ्यायचा. एमआरआय वेगळ्या तऱ्हेने बघतो. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात, कॅन्सरने आपल्यासाठी वाढवलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथं औषध पटकन भरतं आणि काही वेळा पटकन उतरतंही. जर्मनीत बॉनच्या टीमने २००७ साली दाखवलं की निव्वळ डीसीआयएस असलेल्या १६७ बायकांपैकी मॅमोग्राफीत ९३ जणींचा रोग सापडला, एमआरआयमध्ये १५३ जणींचा.

आता लगेच सगळ्यांनी एमआरआय काढायला धावू नका. फ्रान्समध्ये ३६० बायकांवर ट्रायल झाली, ऑपरेशनआधी एमआरआय केलेल्या गटात परत ऑपरेशन लागण्याचं प्रमाण २० टक्के आणि न केलेल्या गटात २७, हा फरक आकडेशास्त्राच्या हिशोबात पक्का ठरला नाही. शिवाय एमआरआयमध्ये साध्या, निरुपद्रवी गोष्टीही उजळतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एमआरआयमध्ये नवीन काही दिसलं तर त्याच जागी परत सोनोग्राफी करून सुई घाला, नुसत्या चित्रावर विसंबून जास्तीचा स्तन कापू नका.

आणखी एक. अमेरिकेतल्या कोमेट ट्रायलचे निकाल २०२४ च्या डिसेंबरमध्ये आले, त्यात कमी जोखमीच्या डीसीआयएसमध्ये ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवलं तर दोन वर्षांत इन्व्हेजिव्हचं प्रमाण ४.२ टक्के, ऑपरेशनच्या गटात ५.९. म्हणजे वाट बघणं त्या दोन वर्षांत तरी वाईट ठरलं नाही. पण वाट बघायची तर आत काही लपलेलं नाही याची खात्री आधी नको का? ऑपरेशनच होणार नाही, तर इमेजिंग आणि सुई सोडून दुसरं बघणार तरी काय?

मागून एका ताईंनी विचारलंय की एमआरआयला जाताना काय बघायचं. पाळी चालू असेल तर शक्यतो सातव्या ते चौदाव्या दिवसात घ्या, इतर दिवसांत नॉर्मल टिश्यूच उजळतो आणि आम्ही गोंधळतो. अर्थात कॅन्सर कळलेला असेल तर तारखेसाठी आठवडेच्या आठवडे घालवू नका. पोटावर पालथं झोपायला लागतं, मान-खांदा दुखत असेल तर आधी सांगा. किडनीचा त्रास असेल, पेसमेकर असेल तेही सांगा. आणि बायोप्सीच्या आधीचे आणि नंतरचे मॅमोग्राम आणि सीडी बरोबर आणा, नुसता कागदाचा रिपोर्ट नको, कारण सुई कुठं गेली होती ते मला त्या फोटोंवरच बघायचं असतं.