ओब्राझत्सोवचा पडदा

श्रोतेहो, नमस्कार.

सर्गेई ओब्राझत्सोव. जन्म मॉस्कोचा, १९०१ सालचा. शिकला चित्रकला, पोटासाठी झाला नट. १९३१ साली मॉस्कोच्या सरकारी बाहुली-नाट्यगृहाची सूत्रं हाती आली, ती १९९२ साली डोळे मिटेपर्यंत सुटली नाहीत.

त्याची एक करामत ऐका. दोन्ही तर्जन्यांवर एकेक छोटा गोळा खोचायचा. ना डोळे, ना नाक. उरलेली बोटं म्हणजे हात. मग तो प्रेमगीत गायला लागला, की गोळे एकमेकांकडे लाजून वळायचे. बाहुली हुबेहूब माणसासारखी केली की ती मेलीच समजा, असं माझं तरी ठाम मत आहे.

पण मला सांगायचंय ते पुढचंच. १९४६ साली त्यानं खास मोठ्यांसाठी एक प्रयोग बसवला. रटाळ, दिखाऊ मैफलींची टर उडवणारा. त्यातला सूत्रसंचालक बाहुला म्हणजे एदुआर्द अप्लोंबोव. टेलकोट, ताठ मान, स्वतःच्याच विनोदावर खूश. असले सूत्रसंचालक आपणही सोसलेत म्हणा! 'दोनच शब्द' म्हणतात आणि पाहुण्यांच्या आधी हेच अर्धा तास खातात. माइकला मीटर बसवायला हवा.

असो. हा अप्लोंबोव गाजला तो झिनोवी गेर्द्तच्या आवाजात. गेर्द्त १९४३ साली युद्धात पायाला जबर जखमी झालेला. पाय आखूड झाला, तो जन्मभर लंगडला. अशा नटाला नायक कोण करणार? ओब्राझत्सोवकडे मात्र पडदा होता. माणूस झाकेल एवढा. कलाकार मागे उभा, हात वर, आणि वर दिसतो तो फक्त बाहुला. खाली पाय कसा पडतोय, कोणाला कळतंय? पडद्यामागे पाय लागत नाही श्रोतेहो, आवाज लागतो. रेडिओवाल्याला हे वेगळं सांगायला नको.

आणि गंमत पुढेच आहे. दौरा ज्या देशात, तिथल्या भाषेत अप्लोंबोव बोलायचा. भाषा येवो न येवो, गेर्द्त पानंच्या पानं पाठ करायचा. न येणाऱ्या भाषेत विनोद करायचा आणि हशा नेमका वसूल करायचा! पुन्हा सांगतो, भाषा पाठ केलेली, हशा मात्र खरा.

ओब्राझत्सोव पुढे बाहुलीकारांच्या जागतिक संघटनेचा, युनिमाचा अध्यक्षही झाला. १९७० साली नाट्यगृह नव्या इमारतीत गेलं. तिच्या दर्शनी भिंतीवर बारा घरांचं घड्याळ आहे, तासातासाला एकेक प्राणी बाहेर येतो. अकराला लांडगा. सोव्हिएत काळात दारूविक्रीही सुरू व्हायची अकरालाच. मॉस्कोकर त्या वेळेला बिनदिक्कत 'लांडग्याचा तास' म्हणायचे.