मॅरिनर्स 2025: पन्नास धावा आणायच्या कुठून?

(मार्च 2025 मध्ये सिअॅटल परिसरातल्या मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आयपीएलमध्ये एका संघाचे साखळीत चौदा सामने होतात. बेसबॉलमध्ये सहा महिन्यांत 162 होतात. म्हणून इथे "फॉर्मात आहेत" या शब्दाला फारशी किंमत नाही. चौदा सामन्यांत नशीब धकून जातं. 162 सामन्यांत बेरीज-वजाबाकीच उरते. तेव्हा आज सिअॅटल मॅरिनर्सचा हिशोबच मांडू.

गेल्या वर्षी संघ 85 जिंकला, 77 हरला. मेजर लीगच्या दोन भागांपैकी आपल्या अमेरिकन लीगमधून सहा संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातात. शेवटच्या दोन जागा घेतलेल्या डेट्रॉइट आणि कॅन्सस सिटी या दोघांचेही 86 विजय होते. एका सामन्याने गेलं. जूनच्या मध्याला आपल्या गटात दहा सामन्यांची आघाडी होती आणि महिन्याभरात ती संपली, हे तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच.

पण 85 हा आकडा बाजूला ठेवा, तो फसवा आहे. मॅरिनर्सनी वर्षभरात 676 धावा केल्या आणि 607 दिल्या. बेसबॉलमध्ये एक जुना आडाखा आहे: केलेल्या धावांचा वर्ग काढा, दिलेल्या धावांचा वर्ग काढा, आणि पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा. उत्तर येतं 0.55च्या थोडं वर. त्याला 162ने गुणलं की 89 ते 90 विजय. म्हणजे धावांच्या मानाने हा संघ चार-पाच सामने कमी जिंकला. अटीतटीचे सामने एखाद्या वर्षी उलटे पडतात आणि सहसा पुढच्या वर्षी तसंच घडत नाही. त्यामुळे 2025 ची मोजणी 85 पासून नाही, 89 पासून सुरू करायची.

दुसरा आडाखा त्याहून कामाचा: साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. केलेल्या असोत की वाचवलेल्या. 94-95 विजय हवे असतील तर पन्नास धावा शोधा.

आता पिचिंग, म्हणजे बॉल टाकणारे. लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी, लुईस कास्टियो, ब्राइस मिलर, ब्रायन वू. गेल्या वर्षी 162 पैकी 149 सामने या पाचजणांनीच आळीपाळीने सुरू केले. गिल्बर्टने 208.2 इनिंग टाकल्या, संपूर्ण मेजर लीगमध्ये सर्वाधिक. (दशांशातला 2 म्हणजे दोन आउट, दोन दशांश नव्हे.) मिलरचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा, 2.94. वूचा 2.89. कर्बीने 191 इनिंगमध्ये फक्त 23 वॉक (चार चुकीच्या बॉलमुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) दिले. आठ इनिंगला एक. याहून चांगलं होणं कठीण आहे, आणि चिंता नेमकी तिथेच आहे. जे शिगेला पोचलंय ते खालीच येणार. पाच पिचर वर्षभर धडधाकट राहणं हा नियम नाही, अपवाद आहे. एकट्या वूला 22च सामने सुरू करता आले, तेवढाच तुटवडा पडला.

आणि बातमी आलीच: कर्बीचा खांदा सुजलाय, सुरुवातीला तो नसेल. लोक हवालदिल झालेत. जरा आकडे घालून बघू. त्याच्या जागी इमर्सन हँकॉक. त्याचा गेल्या वर्षीचा ईआरए 4.75, कर्बीचा 3.53. फरक नऊ इनिंगमागे सव्वा धाव. कर्बी महिनाभर, म्हणजे सहा पाळ्या, चुकला आणि हँकॉकने दर पाळीला पाच इनिंग टाकल्या तर तीस इनिंग. जास्तीच्या धावा चारच. अर्धा विजयसुद्धा नाही! फटका बसतो तो दुसरीकडे. कर्बी सहावी इनिंग संपवून जातो, बदली माणूस पाचव्यात थकतो. उरलेली इनिंग बुलपेनवर, म्हणजे मागाहून येणाऱ्या रिलिव्हर पिचरांवर, पडते आणि पुढच्या दोन दिवसांत तुमचा चांगला रिलिव्हर वापरता येत नाही. आंद्रेस मुन्योस गेल्या वर्षी 2.12 ईआरएने सामने बंद करत होता, म्हणजे शेवटची इनिंग टाकत होता, पण तो रोज टाकू शकत नाही. त्याच्या आधीची आठवी इनिंग सांभाळणारा मॅट ब्रॅश मे 2024 च्या कोपराच्या शस्त्रक्रियेतून अजून परततोय.

खरी भीती महिन्याची नाही, वर्षाची आहे. एक पिचर पंचवीस पाळ्या बाहेर बसला की याच हिशोबाने सतराएक धावा, म्हणजे जवळपास दोन विजय गेले. दोघे बसले तर तीन-चार. म्हणून पिचिंगच्या खात्यातून मी पंचवीस-तीस धावा आताच वजा करतो. कुणाचं नाव घेऊन नव्हे, खांदे आणि कोपर या वस्तूच तशा आहेत म्हणून.

आता बॅटिंग. सरासरी .224, म्हणजे हजार प्रयत्नांत 224 हिट (बॅटर सुखरूप बेसवर पोचेल असे फटके). तिच्या खाली फक्त शिकागो व्हाइट सॉक्स, ज्यांनी 121 सामने हरण्याचा विक्रम केला. स्ट्राइकआउट 1,625, लीगमध्ये सर्वाधिक. सामन्याला दहा. सत्तावीस आउटपैकी दहा वेळा बॉल मैदानात गेलाच नाही.

यावर सगळे तुटून पडतात, थोडे चुकीच्या कारणाने. स्ट्राइकआउट आणि साधा झेल यांत सरासरी फार फरक नसतो. उलट जमिनीवरचा फटका कधी डबल प्ले होऊन दोन माणसं घेऊन जातो. फरक एका प्रसंगी जाणवतो. एक आउट, तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेपासून एकच टप्पा दूर, माणूस. अशा स्थितीतून त्या इनिंगमध्ये सरासरी एकाच्या जवळपास धावा होतात. बॅटरने आउटफिल्डला नुसता उंच झेल दिला तरी माणूस घरी येतो, धाव होते. स्ट्राइकआउट झाला की तीच अपेक्षा एकतृतीयांशाच्या आसपास घसरते. गेल्या उन्हाळ्यात हे दृश्य इतक्यांदा दिसलं की प्रेक्षक आधीच उसासे टाकायचे.

समजा शंभर स्ट्राइकआउट कमी झाले आणि ते बॉल मैदानात गेले. त्यातले अठ्ठावीस-एकोणतीस हिट होतील, बाकी आउट. निव्वळ फायदा वीसेक धावा, दोन विजय. हे काम मॅनेजर डॅन विल्सन आणि नवे हिटिंग कोच केविन साइत्झर यांच्याकडे आहे. ऑगस्टमध्ये स्कॉट सर्व्हिस यांना काढून विल्सनला आणलं, एडगर मार्टिनेझ बॅटिंगचे कोच म्हणून आले आणि संघ 21-13 खेळला. बरं वाटतं, पण 34 सामने म्हणजे हंगामाचा पाचवा हिस्सा. त्यावर घर बांधू नये.

आणि मैदान. टी-मोबाइल पार्कचं सरकतं छप्पर बंद केलं तरी बाजू उघड्याच राहतात. ती छत्री आहे, खोली नव्हे. एप्रिलच्या रात्री आठ-दहा सेल्सिअसची गार हवा आत असते. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की चारशे फुटांचा फटका तीन-चार फूट आखूड पडतो. भिंतीपलीकडे जायचा तो भिंतीपाशी झेल होतो. इथल्या पिचरांचे आकडे असतात त्याहून थोडे चांगले आणि बॅटरांचे थोडे वाईट दिसतात, दोन्हीकडे ती सूट धरून वाचायचे.

आता धावा शोधू. हुलिओ रॉड्रिगेझने 2023 मध्ये 32 होम रन (भिंतीपलीकडे गेलेले फटके) मारले, 2024 मध्ये घोट्याच्या दुखापतीच्या वर्षात 20. मधला कुठलाही आकडा आला तरी पंधरा धावा मिळाल्या. जे. पी. क्रॉफर्ड .202 वर कोसळला, आधीच्या वर्षी .266 होता, अर्धं परत आलं तरी आणखी दहा-पंधरा. जुलैअखेरीस आलेला रँडी अरोझारेना आता पूर्ण हंगाम असेल, पाच धरा. कॅल रॅलीकडून जास्त मागू नका: कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखी जागा) असून 34 होम रन आणि 100 आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा), तेवढंच पुन्हा केलं तरी पुष्कळ.

आणि जाणार किती? व्हिक्टर रोब्लेस. मॅरिनर्सकडे आल्यावर 77 सामन्यांत .328. तो वेगवान आहे, तीस बेस चोरले (पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस गाठला), पण .328 मारण्याइतका चांगला बॅटर नाही. मी दहा धावा वजा करतो. उरल्या वीस-पंचवीस, आणि जवळपास तेवढ्याच आपण पिचिंगमधून वजा केल्यात.

म्हणजे पन्नास धावा बाहेरून आणायला हव्या होत्या. हिवाळ्यात आणलं काय? होर्हे पोलांको 77.5 लाख डॉलरला परत आला. ऑक्टोबरमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय आणि आता त्याला तिसऱ्या बेसवर, लांब थ्रोच्या जागी, उभं करायचंय. डोनोवन सोलानो 35 लाखांत, पहिल्या बेसवर ल्यूक रेलीच्या जोडीला: उजव्या पिचरसमोर रेली, डाव्यासमोर सोलानो. दुसऱ्या बेसवर नवखा रायन ब्लिस. अशा पिचिंगच्या मागे ही खरेदी म्हणजे पैठणीला सेफ्टी पिन लावल्यासारखं. संघाचे बेसबॉल प्रमुख जेरी डिपोटो यांनी 2023 मध्ये दहा वर्षांत 54 टक्के सामने जिंकण्याचा हिशोब सांगितला होता आणि शहर चिडलं होतं. 54 टक्के म्हणजे 87-88 विजय. गंमत अशी की माझाही अंदाज तिथेच येतो: 88, दोन्ही बाजूंना सहाची मोकळीक.

यंदा तेवढ्यात गट जिंकता येईल. ह्यूस्टनने 88 विजयांवर गट घेतला, पण त्यांचा काइल टकर शिकागो कब्सकडे गेला आणि अॅलेक्स ब्रेगमन बॉस्टनला. टेक्सासचं गणित त्यांचा पिचर जेकब डिग्रॉमच्या कोपरावर टांगलंय. अॅथलेटिक्स ओकलंड सोडून सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानात आलेत. तिथल्या उन्हात आपल्या बॅटरांचे फटके एकदाचे लांब जातील.

27 मार्चला त्याच अॅथलेटिक्सविरुद्ध इथे पहिला सामना, गिल्बर्ट टाकणार. मेच्या मध्यापर्यंत गुणतक्ता बघू नका. दोनच गोष्टी टिपा: बाहेरच्या मैदानांवर सामन्याला किती धावा होतायत, आणि सहाव्या इनिंगमध्ये टेकडीवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, कोण उभं आहे. पहिला आकडा साडेचारच्या वर आणि दुसऱ्याचं उत्तर "ज्याने सामना सुरू केला तोच" असं येत राहिलं, तर ऑक्टोबरची तिकिटं कुठल्या भावाला मिळतील ते पाहायला लागा.