न निघालेला धूर मोजायचा कसा?

मंडळी, मघाशी प्रश्न आला, कार्बन क्रेडिट म्हणजे विकतात तरी काय? एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच उष्णता अडवणारा दुसरा वायू, हवेत गेला नाही, किंवा झाडांनी हवेतून ओढून घेतला, असा दाखला विकतात. आता जे हवेत गेलंच नाही त्याला मीटर कुठं लावणार? म्हणून आधी ठरवावं लागतं, की प्रकल्प नसता तर काय झालं असतं. त्यातून प्रत्यक्षात झालं ते वजा करायचं. सगळी भांडणं त्या पहिल्या आकड्यावर.

आपल्या साखर कारखान्यांचं गणित त्यातल्या त्यात सोपं. बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळून केलेली वीज ग्रीडला जाते, तिथं मीटर असतो. बगॅसचा कार्बन उसानंच हवेतून घेतलेला, म्हणून तो धरत नाहीत. ग्रीडच्या एका युनिटमागे किती कार्बन, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरण काढतं. सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे लाख युनिटला ढोबळ 70 टन. पण हंगाम संपल्यावर त्याच बॉयलरात कोळसा घातला, तर तो वजा. आणि वीज विकूनच प्रकल्प परवडत असेल, क्रेडिटशिवायही तो उभा राहिलाच असता, तर क्रेडिट कशाचं? माझ्या मते इथं कडक राहायलाच हवं.

खरी गंमत चुलीत आहे. राधानगरी, गगनबावड्याकडं एखाद्या घरानं गोबर गॅस बसवला. आधी किती लाकूड जळत होतं? घरोघर विचारून अंदाज. त्यातलं किती लाकूड परत न वाढणारं? बांधावरची बाभूळ छाटली तर ती पुन्हा फुटते. तिचा धूर मोजणीत धरता येत नाही. परत न वाढणारं लाकूड 30 टक्क्यांऐवजी 90 टक्के धरलं, की त्याच चुलीची क्रेडिटं तिप्पट. शिवाय गॅस आला म्हणून अंघोळीच्या पाण्याचा बंब थोडाच बंद होतो! भाकरीही कैक घरांत चुलीवरच. कागदावर मात्र चूल विझलेली. 2024 मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त सुधारित चुलींच्या प्रकल्पांचा अभ्यास आला. त्यांनी तपासलेल्या नमुन्यात क्रेडिटं खऱ्या बचतीच्या नऊपटीहून जास्त निघाली. गोबर गॅसला आणखी एक भानगड: टाकी किंवा पाइप गळला तर मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो टनामागे कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो. ती गळतीही वजा व्हायला हवी.

झाडांचं थोडक्यात सांगतो. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजून वजनाचा अंदाज, वाळलेल्या वजनाचा जवळपास निम्मा कार्बन, त्याला 3.67 नं गुणलं की कार्बन डायऑक्साइडचं वजन निघतं. पुढं वणवा लागला तर ते क्रेडिट कोण भरून देणार, हे करारात बघा.

तुमच्या गावात कुणी असा करार घेऊन आलं, तर दर नंतर विचारा. आधीची स्थिती काय धरलीय आणि ती कुणी तपासली, ते आधी विचारा. तपासनीस बाहेरचा असतो खरा, पण त्याची फी बहुतेक वेळा प्रकल्पवालाच भरतो.