वर्दीवरून परतल्यावर

(कवायतीचं मैदान. शिट्टी आणि बुटांचा आवाज पूर्ण येऊ द्यावा.)

मुंबईतल्या एका अग्निशमन केंद्राचं हे मैदान. पाठीवर बी.ए. सेट, म्हणजे धुरात श्वास घेण्यासाठीचा हवेचा संच, खांद्यावर पाण्याचा होज आणि समोर मनोरा. जवान वर पोचतात, खाली येतात. आपल्याला बघायचंय ते त्यानंतरचं. बाकाजवळ वही घेऊन उभ्या आहेत त्या सिस्टर.

त्यांची सगळी नोकरी रुग्णालयाच्या जळीत कक्षात झाली. भाजलेल्या माणसाला घेऊन जवान दारापर्यंत यायचे, काजळीनं माखलेले, खोकत. त्यांना कुणी तपासत नसे आणि तेही थांबत नसत, कारण पुढची वर्दी, म्हणजे आगीची खबर, आलेली असायची. मग सिस्टर सुटीच्या दिवशी रक्तदाबाचं यंत्र घेऊन केंद्रावर जाऊ लागल्या. निवृत्तीनंतर हे रोजचंच झालं.

(जवान कोट काढतो.)

आधी हेल्मेट, मग कोट. जाड कोटात अंगाची उष्णता कोंडून राहते, हृदय धडधडत राहतं. सावलीत बसायचं, पाणी प्यायचं, मग नाडी आणि रक्तदाब. थोड्या वेळानं पुन्हा. नाडी खाली आली नाही तर तो जवान पुढच्या वर्दीला जात नाही. केंद्र अधिकाऱ्यांशी बोलून, भांडून सिस्टरांनी हा नियम करून घेतला. अमेरिकेत कामावर असताना दगावणाऱ्या अग्निशामकांमध्ये जवळपास निम्मे हृदयविकारानं जातात. भाजून जाणारे त्याहून खूप कमी.

(बोटाला लावलेलं यंत्र, जवळून.)

करोनाच्या दिवसांत घराघरांत आलेला ऑक्सिमीटर तो हा नव्हे. धुरातून आलेल्या माणसाच्या बाबतीत तो घरचा ऑक्सिमीटर फसतो. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साध्या यंत्राला तोच ऑक्सिजन वाटतो. आकडा दिसतो 98, डोकं मात्र ठणकत असतं. या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड वेगळा कळतो. साध्या हवेत रक्तातला तो निम्म्यावर यायला 4 ते 6 तास जातात. मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर तो साधारण दीड तासात निम्म्यावर येतो. म्हणूनच ते ऑक्सिजनचं सिलिंडर बाकाशेजारीच ठेवलेलं आहे. सिस्टरांनी जागा दाखवून ठेवायला लावलं.

(पांढरं कापड. इथे थोडं थांबावं.)

काल रात्रीच्या वर्दीवरून आलेल्या जवानाची ही मान. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापडानं कानामागे, गळ्याभोवती, मनगटांवर पुसायचं. काजळीतली रसायनं कातडीतूनही शरीरात शिरतात. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं आग विझवण्याचं काम हेच कर्करोगकारक ठरवलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस आहेत त्याच गटात. वर्षानुवर्षं हा कोट घरी जायचा, मुलांच्या गणवेशाबरोबर धुतला जायचा. या केंद्रात ते बंद झालं. इथे कोट केंद्रातच धुतात. फक्त तो वाळेपर्यंत वर्दी आली तर अंगात घालायला दुसरा हवा, आणि तो सगळ्यांकडे नाही.

या तपासण्यांमध्ये काहींचा वाढलेला रक्तदाब पहिल्यांदा कळला. औषधं सुरू झाली, ते कामावर आहेत.

(हुतात्मा जवानांना मानवंदना.)

1944 साली 14 एप्रिलला मुंबई गोदीतल्या स्फोटात 66 जवान गेले. दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते आणि ती दिलीच पाहिजे. पण सेवेतून निवृत्त होऊन मग आजारी पडणाऱ्या जवानाच्या फाइलमध्ये त्यानं किती धूर घेतला, हे कुठे लिहिलेलं असतं?

सिस्टरांच्या वहीत लिहिलेलं आहे. तारीख, आग कशाची, लाकडाची, रसायनांची की प्लॅस्टिकची, जवान आत किती वेळ होता, बाहेर आल्यावर आकडे काय होते. एकेका जवानासाठी वेगळं पान. ते पान त्याच्या सेवापुस्तकाला जोडलं जावं आणि प्रत्येकाला कोट-पँटचा दुसरा जोड मिळावा, असा अर्ज त्यांनी दिला आहे. आता लीडिंग फायरमन स्वतः ही वही भरायला शिकताहेत.