फळीवरचं पापलेट

सातपाटीच्या बंदरात बोट लागलीय. टोपल्या उतरतायत, बर्फ झटकला जातोय. मावशींचा हात सवयीनं पापलेटं निवडतोय. मोठं इकडे, मधलं तिकडे. शेवटी एक ढीग उरतो, तळहातात मावतील एवढ्यांचा.

या ढिगाकडे नीट बघा. आज मासळी किती आली, हे सगळेच विचारतात. त्यातल्या कितींनी एकदा तरी अंडी घातली होती, हे विचारायला हवं.

समुद्रातले मासे मोजता येत नाहीत. म्हणून केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेची माणसं वर्षभर बंदरांवर फिरून उतरलेल्या मासळीचे नमुने मोजतात. हे बघा, पापलेट फळीवर आडवं ठेवलंय, तोंड लाकडाला टेकवून. माप घ्यायचं ते शेपटी दुभंगते त्या खाचेपर्यंत, कारण शेपटीची टोकं जाळ्यात तुटतात. मग पोटावरून सुरी फिरते. आत गाभोळी, म्हणजे अंडी, भरलीय, की नुसती पातळ पट्टी आहे? असे शेकडो मासे पाहिले, की पापलेट किती लांबीला वयात येतं ते कळतं.

2004 साली रायनर फ्रोझे या मत्स्यशास्त्रज्ञानं तीन साधे प्रश्न मांडले. पकडलेले मासे वयात आलेत का? बहुतेक मासे ऐन वाढीच्या लांबीचे आहेत का? आणि जुन्या, मोठ्या माद्या अजून दिसतात का? महागडी जहाजं नसलेल्या किनाऱ्यालाही एवढं जमतं. मला तिसऱ्या प्रश्नाची काळजी जास्त वाटते. एक मोठी मादी कितीतरी लहान माद्यांएवढी अंडी देते. त्या संपत आल्या, तरी टोपली काही काळ भरलेलीच दिसते.

2023 मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी राज्यानं 54 जातींची पकडण्याजोगी किमान लांबी ठरवली. पापलेटाची 135 मिलिमीटर. पण डोलीला, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याला, माप कुठलं कळायला? पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा आणि पापलेटाची पिल्लं एकाच खोळीत शिरतात. वर ओढेपर्यंत पिल्लू मेलेलं असतं. बंदरावर दंड करून ते परत पोहायला लागत नाही. जाळ्याची भोकंच मोठी करायला हवीत. आणि दोष एकट्या कोळ्याचा नाही. या बारक्या पापलेटाला आपणच गिऱ्हाईक आहोत.

मावशींनी ढिगातलं एक उचलून फळीवर ठेवलं. 135 च्या रेघेपर्यंत ते पोचत नाही. पोटात गाभोळी नाही. वहीत नोंद झाली. पुढची टोपली.