आरमारातल्या तीन बाटल्या

[दृश्य: फोंडा तालुक्यातलं जुनं घर. पाऊस नुकताच थांबलाय. राजांगणातल्या तुळशीवर पागोळ्या गळताहेत.]

निवेदन:
चवथीच्या आधीची साफसफाई चालू होती. आजींनी आरमाराचं खालचं दार उघडलं. गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला आरमार म्हटलं की कान्होजी आंग्रे आठवतात. इथे आरमार म्हणजे कपाट, पोर्तुगीज 'आर्मारिओ'वरून आलेलं. तर त्या आरमारात तांब्याच्या भांड्यांमागून तीन बाटल्या निघाल्या. तिन्ही भरलेल्या, तिन्हींची बुचं जागेवर. आजींनी लगेच साबणाचं पाणी काढलं. जुन्या बाटल्या ओळखायला लोक मला विचारतात, म्हणून नातवाने मला फोटो पाठवला आणि मी त्याच क्षणी फोन केला: "आजी, पुसू नका. फडकंसुद्धा लावू नका."

धूळ नंतर कधीही काढता येते. पण बाटली कुठली, केव्हाची हे सांगणारा कागदाचा कपटा, लाखेचा तुकडा, पांढऱ्या रंगाचा फराटा एकदा गेला की गेला. गोव्यातल्या किती घरांत तो असाच धुतला गेला असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

[दृश्य: पहिली बाटली. खिडकीच्या उजेडात अर्धवट कागद.]

निवेदन:
पहिल्या बाटलीचं लेबल कसरीने खाल्लंय. खालच्या कोपऱ्यात एक ओळ उरलीये: 'व्हिला नोव्हा द गाया'. पोर्तुगालमधल्या पोर्तु शहरासमोर, दोरू नदीच्या पलीकडच्या काठावरचं हे गाव. पोर्ट वाईनची कोठारं इथलीच. द्राक्षं मात्र नदीच्या वरच्या अंगाला, दगडी डोंगरउतारांवर पिकतात. त्या मुलखाची हद्द तिथला तेव्हाचा मंत्री मार्किस द पोंबाल याने १७५६ साली आखून दिली. रस आंबत असताना मध्येच त्यात ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षाचीच दारू ओततात. आंबणं थांबतं, फळाची साखर तशीच राहते, आणि १९ ते २२ टक्क्यांची कडक, गोड वाईन तयार होते.

आता त्या ओळीचं स्पेलिंग बघा. 'व्हिला'त दोन एल आहेत, 'गाया'त वाय आहे. पोर्तुगालने १९११ साली शुद्धलेखन बदललं. त्यानंतर एक एल गेला आणि वायच्या जागी आय आला. म्हणजे मजकूर जुन्या वळणाचा आहे. पण इथेच घाई नडते. जुन्या कंपन्या जुनं लेबल वर्षानुवर्षं तसंच छापत राहायच्या, प्रतिष्ठेसाठी. त्यामुळे एका अक्षरावर मी कधीच थांबत नाही. लेबलवर राजमुकुट आणि राजघराण्याचे पुरवठादार असल्याचा दावा असता, तर ५ ऑक्टोबर १९१० ही तारीख आठवली असती, कारण त्या दिवशी तिथली राजेशाही संपली. काळा झगा आणि रुंद टोपीवाली, सँडेमन या पोर्ट कंपनीची आकृती असती, तर बाटली १९२८च्या आधीची नाही हे ठरलं असतं.

या बाटलीवर निकाल दिला तो बुचावरच्या चिंचोळ्या कागदी पट्टीने. तिच्यावर क्रमांक आहे. ही पोर्ट वाईनची हमीपट्टी, आणि ती देणारी संस्था १९३३ साली स्थापन झाली. म्हणजे स्पेलिंग म्हातारं, बाटली त्यामानाने तरुण. पट्टी धुतली गेली असती, तर मी हिला खुशाल राजाच्या काळात नेऊन बसवलं असतं.

[दृश्य: दुसरी बाटली. कागद नाही. काळ्या काचेवर पांढरी अक्षरं. कॅमेरा हळूहळू जवळ.]

निवेदन:
ही बघून माझा श्वास अडकला. आजींना तो चुन्याचा डाग वाटला होता.

बाटलीवरचा पांढरा रंग दोन प्रकारचा असतो. नुसता आकार नसलेला फटकारा असेल, तर ती बहुधा व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच हंगामाची, बाटलीतच मुरवायची. तळघरात बाटली आडवी पडलेली असते, खालच्या अंगाला गाळ धरतो. वरची बाजू कुठली ते कळावं, म्हणून तो फटकारा. बाटली हलवली तरी पुन्हा त्याच अंगावर ठेवायची. पण इथे अक्षरं आहेत, पत्र्याच्या साच्यातून मारलेली. त्यामुळे प्रत्येक अक्षर मध्ये तुटलेलं दिसतं. ही पद्धत अटलांटिकमधल्या पोर्तुगीज मदेरा बेटाची. तिथल्या वाईनचं नावही मदेराच. चार अक्षरांतली शेवटची तीन वाचता येतात: ओ, ए, एल. म्हणजे 'बोआल', मदेराच्या उत्तम द्राक्षांपैकी एक. खाली कंपनीची आद्याक्षरं असावीत. तिथे एच, एम, बी दिसलं असतं तर एन्रिक मेनेझिस बोर्जिस, १८७७ची पेढी. व्ही, जे, एच असतं तर जुस्तिनो एन्रिक्स. आमच्या नशिबी एक उभी रेघ उरलीये. तेवढ्यावर मी नाव सांगणार नाही.

आणखी एक सांगतो. अशा बाटलीवर साल असलं तर ते द्राक्षाच्या हंगामाचं असतं, बाटली भरल्याचं नव्हे. अशी जुन्या पद्धतीची सालाची मदेरा निदान वीस वर्षं पिंपात राहते, कधी पन्नासही.

गोव्यातल्या कौलारू घरात, वैशाखाच्या उकाड्यात, पोर्ट हळूहळू थकते. मदेरा टिकते, कारण ती उष्णतेतच वाढलेली आहे. पूर्वी तिची पिंपं जहाजांतून हिंदुस्थानापर्यंत येऊन परत जायची. विषुववृत्तावरच्या उष्णतेने आणि हिंदकळण्याने वाईन सुधारते हे लक्षात आलं, आणि फिरून आलेल्या वाईनला 'विन्यु द रोदा' म्हणून जास्त भाव मिळू लागला. पुढे बेटावरच पिंपं उन्हाने तापणाऱ्या माळ्यांवर ठेवू लागले. आजींच्या आरमारात या बाटलीला परकं वाटलं नसणार.

[दृश्य: तिसरी बाटली, बॅटरीच्या उजेडात. बोट काचेच्या सांध्यावरून फिरतं.]

निवेदन:
तिसरीवर काहीच नाही. लेबल नाही, रंग नाही. बुडाला खळगा. साच्याचा सांधा थेट ओठावरून गेलाय, म्हणजे यंत्रावर केलेली, विसाव्या शतकातली काच. पण काच म्हणजे वाईन नव्हे. आपल्याकडे रिकामी बाटली कुणी टाकत नसे. तिच्यात फेणी भरली, खोबरेल भरलं, मध भरला. पोर्तुगालच्या मारिन्या ग्रांदीत १७६९पासून काचेचा मोठा कारखाना होता. तिथली बाटली सापडली, तरी आतलं द्रव्य आपल्या भाटातलं, म्हणजे बागायतीतलं, असू शकतं.

बाटलीच्या मानेला बॅटरी लावली की बुचाच्या अंगावर डागलेली अक्षरं कधी कधी काचेतून वाचता येतात. इथे बूच कोरं निघालं.

मग खांद्यावर नखाएवढी चिठी दिसली, धुळीच्या रंगाची झालेली. तिच्यावर शाईने काहीतरी लिहिलंय, आणि ती लिपी रोमन नाही. मोडी आहे.

आजींचे सासरे फोंड्याच्या बाजारात दुकान चालवायचे. खतावण्या माळ्यावर होत्या. मोडी वाचणारे एक निवृत्त मास्तर आले, वसरीवर बसले, आणि दोन दिवस पानं उलटत राहिले. भारताने पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची नाकेबंदी केली होती त्या वर्षांत, मुंबईकडचा माल अडला आणि गोव्याच्या दुकानांत युरोपचा माल वाढला. त्याच सुमाराच्या, शके १८७७च्या, म्हणजे १९५५-५६च्या वहीत मास्तरांचं बोट थांबलं: 'मुस्कातेल बाटल्या ६, दर रुपये ३ टांगे ८'.

चिठीवरही तेच: तीन रुपये आठ टांगे. सोळा टांग्यांचा गोव्याचा रुपया १९५८-५९च्या सुमारास गेला आणि पोर्तुगीज चलन एस्कुदो आलं. म्हणजे काळही जुळला.

मुस्कातेल म्हणजे लिस्बनच्या दक्षिणेकडची सेतुबालची गोड वाईन. अझैतांवच्या जुझे मारीय द फोन्सेकांची पेढी १८३४पासून ती करते. तिचीही पिंपं जहाजांवर जायची, न विकलेली परत यायची आणि चवीला अधिक चांगली ठरायची. बाटली याच पेढीची, असं मी म्हणत नाही. तेवढा पुरावा नाही. पण नाव मिळालं ते पोर्तुगीज लेबलातून नव्हे, एका फोंडेकर दुकानदाराच्या मराठी जमाखर्चातून. म्हणून घर विकताना, माळा मोकळा करताना, कृपा करून वह्या रद्दीत देऊ नका. बाटलीइतक्याच त्या मोलाच्या आहेत.

[दृश्य: आजी वसरीवर. मांडीवर उघडी खतावणी.]

निवेदन:
मी विचारलं, सहा होत्या, मग बाकीच्या पाच कुठे गेल्या?

आजी: "चार विकल्या असतील, बाबा. एक मात्र माझ्या पहिल्या बाळंतपणात संपली. रात्री चमचाभर. सासूबाई स्वतःच्या हाताने द्यायच्या. औषध म्हणून सांगायच्या, नाव कधी सांगितलं नाही."

[दृश्य: आजी पोर्ट आडवी ठेवतात, पट्टी वरच्या अंगाला. मदेरा उभी. तिसरी हातात धरून थोडा वेळ चिठीकडे बघत राहतात. मग आरमाराचं दार लागतं.]